जॉन चाचा : डेव्हिड

डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांचा जन्म १९०९ सालचा. मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्रायली समाजाचे हे सुपुत्र कोकणातील चौल गाव आडनावात घेऊन वावरले. कायद्याची पदवी संपादूनही त्यांनी रंगभूमी व चित्रपट हेच क्षेत्र निवडले. ठेंगण्या बांध्यामुळे नायकपद दूरच राहिले. परंतु १९५४ च्या ‘बूट पॉलिश’मध्ये, भिकेस लावलेल्या पोरक्या भावंडांना कष्टाची भाकरी शिकविणारा जॉन चाचा त्यांनी अजरामर केला. त्यास फिल्मफेअर पारितोषिक लाभले. १९६९ साली ‘पद्मश्री’ आली. १९७९ च्या ‘बातों बातों में’तही तोच मायाळू वडीलधारा भेटतो. दूर टोरांटोत त्यांनी देह ठेवला. दुय्यम भूमिकाही निष्ठेने वठविता येते, हा त्यांचा वारसा आपणा परमुलखवासीयांस मोलाचा वाटावा.