अटींवर मिळालेली प्रयोगशाळा : कमला सोहोनी

मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतल्यानंतर १९३३ मध्ये कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ असल्याने ही वाट त्यांना परकी नव्हती. अर्ज मात्र नाकारण्यात आला. अर्जदार स्त्री आहे, एवढेच त्याचे कारण. नाकारणारे संचालक होते नोबेल पारितोषिकविजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन.

इंदूर येथे १९११ मध्ये जन्मलेल्या कमलाबाई आणि लेखिका दुर्गा भागवत या सख्ख्या बहिणी. भागवत भगिनींचा करारी स्वभाव मराठी वाचकांना नव्याने सांगायला नको. कमलाबाईंनी संचालकांना जाब विचारला आणि प्रवेश मिळेपर्यंत माघार घेतली नाही.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्षभर त्या नियमित विद्यार्थिनी गणल्या जाणार नव्हत्या. कामाचा दर्जा पटल्याखेरीज संचालक त्याला मान्यता देणार नव्हते. शिवाय त्यांच्या उपस्थितीने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, असेही बजावण्यात आले. लक्ष ज्यांचे विचलित होणार, त्यांच्यावर मात्र कोणतेच बंधन नव्हते. अटी स्वीकारल्या तरी तो अपमान कमलाबाईंना सलत राहिला आणि उतारवयातही त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवला.

एम. श्रीनिवासय्या हे शिस्तीचे मार्गदर्शक त्यांना लाभले. दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले. सामान्य भारतीयाच्या पोषणाशी थेट नाते असलेला हा विषय पुढे त्यांनी कधी सोडला नाही. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले. कमलाबाईंना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली आणि त्यानंतर संस्थेत इतर विद्यार्थिनींनाही प्रवेश मिळू लागला. भौतिकशास्त्रज्ञ अण्णा मणी १९४० मध्ये खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाल्या.

१९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तेथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्र विभागात बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या ऊतींत ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनक्रियेतील प्रथिन असल्याचे त्यांनी दाखवून दिले. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली, प्रबंध होता अवघ्या ४० पानांचा.

मायदेशी परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे त्यांनी काम केले. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास हाती घेतला. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या याच संस्थेचे संचालकपदही त्यांनी भूषविले. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले.