अंगणातली अक्षरे

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी असो वा कोकणच्या किनाऱ्यावरील एखादी वाडी असो, आज महाराष्ट्रातील बहुतेक गावी अंगणवाडी आहे. तीन-चार वर्षांची बालके मोठ्यांचे बोट धरून तेथे जातात, गाणी म्हणतात, खेळतात आणि खेळता खेळता अक्षरांशी त्यांची ओळख होते. इतक्या लहान मुलांसाठी शाळा असावी, तीत छडी नसावी, ही गोष्ट आपणांस आता स्वाभाविक वाटते. शंभर वर्षांपूर्वी ती तशी नव्हती. ती स्वाभाविक वाटावी यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई ही दोघेही प्रार्थना समाजाच्या सुधारक विचारांची होती. मुलींना प्राथमिक शाळेत पाठविणेही जेथे अनेक घरांत अनिष्ट मानले जात असे, त्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे विवाह होऊन त्या अमरावतीस गेल्या. तो संसार टिकला नाही. लहानग्या मुलीला बरोबर घेऊन त्या बाहेर पडल्या आणि सौराष्ट्रातील राजकोट येथे स्त्री-शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झाल्या. जागा मानाची होती, वेतनही चांगले होते. एकट्या स्त्रीला त्या काळी याहून अधिक सुरक्षित आश्रय क्वचितच मिळाला असता. तरीही १९२३ साली त्यांनी तो सोडला आणि भावनगरच्या एका बालमंदिरात लहान मुलांना शिकविण्याचे काम पत्करले. नातलगांना व स्नेह्यांना हा निर्णय अविचाराचा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

हे बालमंदिर दक्षिणामूर्ती या संस्थेचे होते आणि त्याचे चालक होते गिजुभाई बधेका. गिजुभाई मूळचे वकील. घरात मूल जन्मास आले, तेव्हा त्याला कसे वाढवावे याचा ते विचार करू लागले, आणि त्या विचारात वकिली मागे पडली. १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. भरघोस मिशांचे हे गृहस्थ मुलांवर इतकी माया करीत, की लोक त्यांना मिशांची आई या अर्थाने मुछाळी मा असे म्हणत.

त्या वेळी आपल्याकडे मूल शिकत असे कसे, हे येथे सांगितले पाहिजे. पंतोजींच्या शाळेत मुलाच्या पुढ्यात धूळपाटी येई. तीवर पंतोजी अक्षर काढून देत व मूल ते गिरवी. मराठी शाळांत पुष्कळदा ग, म, भ, न या क्रमाने आरंभ होई, कारण या अक्षरांची वळणे एकमेकांतून साधतात. मग मुळाक्षरे, मग बाराखडी. सारे सुरात घोकावयाचे. चुकल्यास छडी होतीच. या पद्धतीत हाताला वळण लागे, पाठांतरही पक्के होई. ते गुण नाकारण्याचे कारण नाही. परंतु अक्षर म्हणजे काय, हे मुलाला कोणी सांगत नसे. आपण तोंडाने जो ध्वनी काढतो त्याचीच ती खूण आहे, हे त्याला कित्येक महिने उमगत नसे, आणि काहींना ते उमगण्यापूर्वीच शाळा सुटत असे. प्रस्तुत लेखकाने शिक्षक म्हणून अनेक वर्षे पहिलीचे वर्ग पाहिले आहेत. सबंध बाराखडी घडाघडा म्हणणारे मूल किरण हा साधा शब्द समोर येताच थबकते, हे दृश्य त्यास नवे नाही.

या अडचणीवर इटलीतील एका स्त्री-डॉक्टरने उपाय शोधला होता. तिचे नाव मारिया माँटेसरी. रोम शहरातील सान लोरेंझो या गरिबांच्या वस्तीत १९०७ साली तिने बालगृह उघडले. तेथे तिने खरखरीत कागदाची अक्षरे कापून ती गुळगुळीत पाट्यांवर चिकटविली. मूल त्या अक्षरावरून दोन बोटे फिरवी, आणि फिरवता फिरवता त्या अक्षराचा ध्वनी उच्चारी. अक्षराचे नाव घ्यावयाचे नाही, केवळ ध्वनी काढावयाचा, हा तिचा नियम. डोळा, बोट, कान आणि जीभ अशी चार इंद्रिये एकाच वेळी कामाला लागत. असे काही ध्वनी परिचयाचे झाले, की मुलाला सुटी अक्षरे दिली जात. हातात अजून लेखणी नीट धरता येत नसताना ते अक्षरे शेजारी शेजारी मांडून शब्द बनवी. अशा रीतीने लिहिणे आधी येई आणि वाचणे मागाहून. आपल्या रूढ समजुतीच्या हे अगदी उलट आहे. पण थोडा विचार करा: लिहिणाऱ्याला आपल्या मनातला शब्द ठाऊक असतो, वाचणाऱ्याला मात्र दुसऱ्याच्या मनातला शब्द ओळखावा लागतो. यांतले सोपे कोणते?

गिजुभाई व ताराबाई यांनी ही पद्धत भारतीय मातीत लावली. सुमारे नऊ वर्षे ताराबाई भावनगरला होत्या. गुजराती भाषा त्यांनी आत्मसात केली. तीत शिकविले, लिहिले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि बालशिक्षणाचा प्रसार हे या दोघांचे जीवितकार्य ठरले. मात्र माँटेसरीबाईंची प्रत्येक गोष्ट त्यांनी डोळे मिटून उचलली नाही. लहान मुलांना पऱ्यांच्या, राक्षसांच्या कल्पित गोष्टी सांगणे माँटेसरीबाईंना पसंत नव्हते. भावनगरच्या बालमंदिरात मात्र गोष्ट हाच शिक्षणाचा प्राण होता. आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकत वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या बाबतीत गिजुभाईंचाच पक्ष बरोबर होता, असे मला वाटते.

ध्वनीवरून अक्षर शिकविण्याची रीत आपल्या भाषांना मोठी सोयीची आहे. इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि ध्वनी दुसरा. सी, ए, टी ही तीन नावे कितीही वेगाने म्हटली तरी त्यांतून कॅट हा शब्द ऐकू येत नाही. म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला नावे बाजूस ठेवून ध्वनी वेगळे शिकवावे लागतात. आपल्या क चे नाव क, आणि ध्वनीही क. शिवाय आपली वर्णमाला मुखातील स्थानांप्रमाणे रचलेली आहे. तुम्ही आत्ताच म्हणून पाहा: क, ख, ग म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो, त, थ, द म्हणताना जिभेचे टोक दातांना लागते, प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. लहान मुलाला हा खेळ फार आवडतो. मगर, मका, माळ हे शब्द कानावर घालून, त्या साऱ्यांच्या आरंभी ओठ मिटून कोणता ध्वनी निघाला असे विचारले, तर तीन-चार वर्षांचे मूलही थोड्या सरावाने तो सांगू शकते. मग त्या ध्वनीची खूण म्हणून म हे अक्षर त्याच्या बोटाखाली द्यावयाचे. आधी कान, मग बोट.

अर्थात मराठीतही खाचखळगे आहेत. चंद्र आणि चमचा यांतील च लिहिण्यास एक, पण उच्चारास निराळा. घर असे आपण लिहितो, परंतु म्हणताना शेवटच्या र मधला अ गळून पडतो. सर्वांत मोठी अडचण वेलांटीची. किरण म्हणताना कानाला आधी क् आणि मग इ ऐकू येते. कागदावर मात्र डोळ्यांना आधी वेलांटी दिसते आणि नंतर क. बाराखडी पाठ असलेले मूल अडखळते ते अशा ठिकाणी. म्हणून काना, मात्रा, वेलांटी, उकार यांची ओळख घाईने, एका दमात न देता एकेक करून, पुष्कळ शब्द ऐकवून व मांडून द्यावी लागते. हे काम चिकाटीचे आहे. त्यासाठी शिक्षकाचा कान तयार असावा लागतो, आणि असा शिक्षक आपोआप मिळत नाही.

ताराबाईंनी हे ओळखले होते. १९३६ साली मुंबईत दादर येथे शिशुविहार ही मराठी मुलांसाठी संस्था त्यांनी सुरू केली, तेव्हा केवळ मुलांना शिकवून त्या थांबल्या नाहीत. बालशिक्षक घडविण्याचे कामही तेथे चालू झाले. शिक्षणपत्रिकेच्या मराठी आवृत्तीचे संपादन करून त्या पालकांशीही बोलत राहिल्या. १९३९ च्या जून महिन्यात गिजुभाई निवर्तले. कामाचा भार ताराबाईंच्या खांद्यावर आला. त्याच वर्षी माँटेसरीबाई स्वतः भारतात आल्या व युद्धामुळे अनेक वर्षे येथेच राहिल्या; देशभर त्यांच्या पद्धतीचे कौतुक होऊ लागले. शहरांतून बालमंदिरे निघू लागली. ताराबाईंच्या वाट्याला प्रतिष्ठा आली होती, आणि त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. कोणीही समाधानाने विसावा घ्यावा, असा तो काळ होता.

परंतु एक प्रश्न त्यांना अस्वस्थ करीत होता. माँटेसरीबाईंनी आपले काम आरंभले ते रोममधील गरिबांच्या मुलांसाठी. आपल्याकडे मात्र ते येऊन थांबले होते खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांत. लाकडी ठोकळे, पेट्या, गुळगुळीत पाट्या हे सारे साहित्य महाग होते. ज्या मुलाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोणाला अक्षर ओळखीचे नव्हते, त्याला ध्वनी आणि अक्षर यांचा मेळ घालून देणाऱ्या शाळेची गरज सर्वांत अधिक. आणि तेच मूल तिच्यापासून सर्वांत दूर.

म्हणून १९४५ च्या डिसेंबरात ताराबाई मुंबई सोडून बोर्डी येथे गेल्या. बोर्डी हे समुद्रकाठचे गाव. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. या कामात त्यांना अनुताई वाघ ही सहकारी लाभली. अनुताई बालविधवा होत्या. कष्टाने शिकून शिक्षिका झाल्या होत्या, आणि ते काम सोडून त्या खेड्यात आल्या होत्या.

बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. सकाळी आईबाप मजुरीला जात. मुलांच्या अंगावर धड वस्त्र नसे, पोटात अन्न नसे. शाळेने आपल्याला कधी जवळ केले नाही, हा पिढ्यांचा अनुभव वस्तीच्या मनात होता. ताराबाईंनी या लोकांना दोष दिला नाही. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीत जाऊन एखाद्या घराच्या अंगणात बसू लागल्या. मुलांना न्हाऊ घालावे, नखे कापावी, गाणे म्हणावे, गोष्ट सांगावी. अक्षराची पाळी त्यानंतर. अंगणात भरते ती अंगणवाडी. हाच शब्द पुढे सबंध देशाने उचलला. १९७५ साली भारत सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले.

महाग साहित्याचा प्रश्न त्यांनी असाच सोडविला. शिंपले, खडे, बिया, काड्या, पाने, फुले जे भोवती होते त्यांतूनच साहित्य तयार झाले. लहानमोठे शिंपले क्रमाने लावताना डोळा तयार होतो, बिया मोजताना संख्या कळते. खरखरीत कागद नसला तर वाळू असते; तीतून फिरणाऱ्या बोटालाही अक्षराचे वळण तितकेच नीट कळते. आपल्या जुन्या धूळपाटीचेच हे रूप होते, एवढेच की आता बोटाबरोबर कान आणि जीभही जागी होती. शिक्षणाचे साहित्य बाजारातून आणले म्हणजेच ते शास्त्रीय, असे मानणाऱ्यांनी बोर्डीचे हे उदाहरण अवश्य पाहावे.

१९५७ साली ताराबाईंनी आपले केंद्र डहाणूजवळच्या कोसबाद टेकडीवर हलविले. ही वारली लोकांची भूमी. वारल्यांची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी. तेथल्या मुलाला पुस्तकातले शब्द परके वाटत. ध्वनीची पद्धत येथे विशेष मोलाची ठरते. कारण ध्वनी हा पुस्तकातून येत नाही, तो मुलाच्या स्वतःच्या तोंडात आधीपासूनच असतो. परंतु त्यासाठी शिक्षकाने प्रथम त्याची बोली ऐकून घ्यावी लागते, तिला हसून चालत नाही.

कोसबादला आणखी एक अडचण दिसून आली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत आली, तर घरच्या तान्ह्या भावंडाला कोण सांभाळणार? यासाठी ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. कडेवरचे मूल पाळणाघरात ठेवून थोरली बहीण निश्चिंतपणे वर्गात बसू लागली. गुरे राखणाऱ्या मुलांना तर गुरांमागे जावेच लागे. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. त्या वेळी त्या सत्तर वर्षांच्या होत्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताई वाघ त्यानंतरही कोसबादच्या टेकडीवरच राहिल्या आणि १९९२ साली आपला देह ठेवीपर्यंत वारली मुलांसाठी राबत राहिल्या.