औषध म्हणून फसलं, तपासणी म्हणून टिकलं : ढोरांच्या टीबीची सुई आणि डॉ. रॉबर्ट कॉक

वडनेर भोलजी (ता. नांदुरा) : घरात कोणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, की आशाताई थुंकी तपासून घ्यायला सांगतात. दवाखान्यात तपासणी होते आणि टीबी आहे की नाही ते कळतं. पण गोठ्यातली गाय खोकत असेल, चारापाणी नीट असूनही वाळत चालली असेल, तर तिची थुंकी कोण काढणार? म्हणून ढोरांना मानेच्या कातडीत बारीक सुई टोचतात आणि तीन दिवसांनी ती जागा किती सुजली ते मोजतात.

त्या सुईतलं द्रव्य पहिल्यांदा तयार केलं जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉक यांनी. पण ते तपासणीसाठी नव्हतंच. आणि ढोरांच्या टीबीबाबत एक मोठी चूकही याच माणसाच्या हातून झाली.

कॉक यांचा जन्म 11 डिसेंबर 1843 रोजी जर्मनीतल्या क्लाउस्टाल या खाणीच्या गावात झाला. वडील खाणीवर अधिकारी, घरात तेरा भावंडं. 1866 मध्ये ते डॉक्टर झाले आणि 1872 मध्ये वोलश्टाइन नावाच्या लहान गावी सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून गेले. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. दिवसभर पेशंट पाहायचे आणि उरलेल्या वेळात राहत्या घरातच सूक्ष्मदर्शक मांडून बसायचे. प्रयोगशाळा नव्हती, मोठं ग्रंथालयही जवळ नव्हतं.

त्या भागात मेंढ्या आणि गाई काळपुळीने पटापट मरत होत्या. आपल्याकडे काही ठिकाणी या रोगाला फाशी म्हणतात. कॉक यांनी मेलेल्या जनावराचं रक्त लाकडाच्या बारीक काडीने उंदरांना टोचलं. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात तेच काडीसारखे जंतू दिसले. हे जंतू बी धरल्यासारखे सुकून मातीत वर्षानुवर्षं राहतात, म्हणून त्याच कुरणात पुन्हा पुन्हा जनावरं मरतात, हेही त्यांनी शोधलं. 1876 मध्ये हे काम छापून आलं आणि एका खेड्यातल्या डॉक्टरचं नाव युरोपभर झालं. म्हणजे त्यांच्या मोठेपणाची सुरुवातच ढोरांच्या आजारातून झाली.

1880 मध्ये त्यांना बर्लिनला बोलावण्यात आलं. तिथे त्यांनी टीबी हाती घेतला. त्या काळात युरोपात सातातला एक मृत्यू या आजाराने होत होता आणि कारण कोणालाच ठाऊक नव्हतं. हा जंतू मोठा चिवट. अंगावर मेणासारखा थर असल्याने त्याला रंग चढत नाही, आणि वाढतो इतका हळू की पहिले दोन आठवडे डोळ्याला काहीच दिसत नाही. दुसरा कोणी असता तर नळ्या फेकून दिल्या असत्या. कॉक थांबले. रंगाची रीत त्यांनी शोधली आणि रक्ताच्या गोठवलेल्या सीरमवर जंतू वाढवून दाखवला. 24 मार्च 1882 च्या संध्याकाळी बर्लिनमध्ये त्यांनी हे सगळं डॉक्टरांपुढे मांडलं. म्हणूनच 24 मार्च हा जागतिक क्षयरोग दिन असतो.

पुढच्याच वर्षी ते कॉलराच्या शोधात इजिप्तमार्गे कोलकात्याला आले आणि तिथे कॉलराचा जंतू ओळखला.

जंतू सापडला, आता औषधही येणार अशी लोकांची आशा होती. 1890 मध्ये कॉक यांनी टीबीच्या जंतूंचा ग्लिसरीनमधला अर्क जाहीर केला. त्यालाच पुढे ट्यूबरक्युलिन हे नाव मिळालं. हजारो रोगी बर्लिनला धावले. पण गुण येईना. कित्येकांना जबर ताप भरला, काहींचा जीव गेला. वर अर्क कशाचा आहे हे कॉक यांनी सुरुवातीला लपवून ठेवलं होतं. त्यामुळे नावाला मोठा बट्टा लागला.

ढोरांच्या डॉक्टरांना मात्र याच अर्कात दुसरी गोष्ट दिसली. टीबी असलेल्या गाईला तो टोचला की ताप चढायचा, निरोगी गाईला काहीच व्हायचं नाही. डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांनी यावरून कळपच्या कळप तपासले. ताप आलेली जनावरं वेगळी बांधली आणि वासरांना तापवलेलं दूध पाजून निरोगी वाढवलं. माणसाचं औषध म्हणून फसलेला अर्क असा गोठ्यात कामी आला.

भारतातही तेव्हा ढोरांच्या रोगांचा अभ्यास सुरू झाला होता. त्याची पहिली सरकारी प्रयोगशाळा 1889 मध्ये आपल्या पुण्यात निघाली आणि 1893 मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. 1897 मध्ये कॉक आधी दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीवर काम करत होते. तिथून ते प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत आले आणि त्याच वर्षी मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेलाही त्यांनी भेट दिली.

मग 1901 साल आलं. लंडनच्या क्षयरोग परिषदेत कॉक यांनी सांगितलं, की माणसाचा टीबी आणि गाईचा टीबी वेगळे आहेत आणि गाईच्या दुधातून माणसाला टीबी होणं इतकं दुर्मिळ आहे की त्यासाठी बंदोबस्त करण्याची गरज नाही. त्यांनी माणसाच्या टीबीचे जंतू वासरांना दिले होते आणि वासरं धडधाकट राहिली होती. पण माणसाचा जंतू गाईला सहसा बाधत नाही, म्हणून गाईचाही माणसाला बाधणार नाही, हे कुठून आलं? परिषदेतच जाणकारांनी विरोध केला. इंग्लंडच्या सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्याने दहा वर्षं प्रयोग केले. 1911 च्या शेवटच्या अहवालात निकाल आला : गाईचा टीबी माणसाला होतो, दुधातून होतो, आणि जास्त करून लहान मुलांना. मानेच्या गाठी, पोट, हाडं धरतो.

तो अहवाल पाहायला कॉक नव्हते. 1905 मध्ये त्यांना टीबीच्या कामासाठी नोबेल मिळालं होतं. 1908 च्या वॉशिंग्टन परिषदेतही ते आपल्या म्हणण्यावर अडून राहिले. 27 मे 1910 रोजी बाडेन-बाडेन इथे त्यांचं निधन झालं. प्रत्येक गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, हे जगाला शिकवणारा माणूस स्वतःच्या शब्दाबाबत मात्र तपासायला तयार झाला नाही. त्याच्या नावावर विसंबून ज्यांनी मुलांना निरसं दूध पाजलं असेल, त्यांना ते महागात पडलं असणार.

कॉक यांच्या मागे एक गोष्ट अशी घडली. फ्रान्सच्या कॅल्मेट आणि गेरिन यांनी गाईच्याच टीबीचा जंतू तेरा वर्षं पुन्हा पुन्हा वाढवून नरम केला. त्यातून 1921 मध्ये बीसीजी लस आली. आज बाळाच्या डाव्या दंडावर जो व्रण दिसतो, तो त्याच गाईच्या जंतूपासून बनलेल्या लसीचा आहे.

ढोरांची तपासणी आजही मुळात कॉक यांच्याच अर्कावर चालते, फक्त तो आता शुद्ध करून वापरतात. मानेवरचे केस काढून कातडीची जाडी कॅलिपरने मोजतात, सुई देतात आणि 72 तासांनी पुन्हा मोजतात. जाडी 4 मिलिमीटर किंवा जास्त वाढली तर जनावर संशयाच्या पलीकडे धरलं जातं, 2 ते 4 च्या मध्ये असेल तर साधारण सहा आठवड्यांनी फेरतपासणी होते. पक्ष्यांच्या टीबीच्या जंतूमुळेही कधी सूज येते, म्हणून शेजारीच दुसरी सुई देऊन तुलना करतात. नुकतीच व्यालेली किंवा आजाराने फार खंगलेली गाय मात्र कधी कधी सूज दाखवत नाही. अशा वेळी रक्ताची तपासणी उपयोगी पडते. जनावर मेलं तर त्याच्या गाठींतून जंतू वाढवून खात्री करता येते, पण त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. हा जंतू आजही कॉक यांच्या वेळेइतकाच सावकाश वाढतो.

बाहेरच्या कित्येक देशांत सूज आलेली गाय मारून टाकतात. आपल्याकडे कायद्याने ते होत नाही, म्हणून असं जनावर वेगळं बांधणं, त्याचं पाणी-गव्हाण वेगळी ठेवणं आणि वासराला त्याचं निरसं दूध न पाजणं, एवढंच हाती राहतं. घरात कोणाला टीबी निघाला तर डॉक्टरांना गोठ्यातल्या ढोरांबद्दलही सांगावं. गाईच्या जंतूवर टीबीचं पायराझिनामाइड हे नेहमीचं औषध चालत नाही. गाय खोकत असेल, वाळत असेल, तर जनावरांच्या दवाखान्यात तपासणीचं विचारावं. आणि दूध घरचं असो की विकतचं, चुलीवर चांगली उकळी आल्याशिवाय लेकरांच्या पेल्यात ओतू नये.