आट्यांना शिस्त लावणारे सर जोसेफ व्हिटवर्थ

शेतावरच्या पंपाचे इंजिन घ्या किंवा डिचोलीच्या रस्त्याने जाणारा मालट्रक घ्या; त्याच्या इंजिनावरील झाकण उघडले की झडपा उघडझाप करणारे रॉकर दिसतात. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर त्याची प्रत्येक झडप तासाला ४५,००० वेळा उघडते. रॉकर व झडप यांच्यामध्ये केसभर फट राखावी लागते. ती फट एका स्क्रूने साधतात आणि स्क्रू जागचा हलू नये म्हणून त्यावर एक नट आवळतात. त्याला चेकनट म्हणतात. हा इवलासा नट सैल झाला की फट वाढते, खटखट ऐकू येऊ लागते, झडप पुरती उघडत नाही आणि इंजिनाची शक्ती घटते.

सर्वणसारख्या गावी असे झाले, तर डिचोलीच्या किंवा म्हापशाच्या दुकानातून त्याच मापाचा नवा नट आणावा; तो जुन्या स्क्रूवर निमूटपणे बसतो. ही गोष्ट आम्हांला इतकी स्वाभाविक वाटते, की तिच्यामागे कोणाचे कष्ट असतील हे आमच्या ध्यानीमनीही येत नाही. ज्यांनी ही सोय प्रथम घडवून आणली, त्या जोसेफ व्हिटवर्थ यांचे चरित्र म्हणूनच आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

व्हिटवर्थ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. वडील शिक्षक होते. आईचे छत्र बालपणीच हरपले. पुढे काकांच्या सूतगिरणीत त्यांना कामाला लावण्यात आले. परंतु त्यांचे मन हिशेबापेक्षा यंत्रांत अधिक रमे. अखेर गिरणी सोडून ते मँचेस्टरला गेले आणि साधे कारागीर म्हणून राबू लागले. १८२५ साली त्यांनी लंडन गाठले व हेन्री मॉडस्ली या विख्यात यंत्रकाराच्या हाताखाली काम धरले. तेथे त्यांनी एक मोठी गोष्ट साध्य केली : धातूचे तीन पत्रे आळीपाळीने एकमेकांशी ताडून, उंचवटे खरवडून काढीत, अगदी सपाट पृष्ठभाग कसा तयार करावा, हे त्यांनी दाखवून दिले. अचूकतेचा हा ध्यास त्यांना जन्मभर पुरला.

१८३३ साली मँचेस्टरला परतून त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. एक नट हरवला, तर त्याच्यासाठी मुद्दाम नवा घडवावा लागे. तोवर यंत्र बंद!

व्हिटवर्थ यांनी यावर जो उपाय योजला, त्यात त्यांचे शहाणपण दिसते. आपलेच माप त्यांनी जगावर लादले नाही. निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट त्यांनी जमवले, त्यांचे आटे मोजले आणि सर्वांची सरासरी काढली. आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला आणि कोणत्या जाडीच्या बोल्टला इंचात किती आटे असावेत, याचे कोष्टक १८४१ साली अभियंत्यांच्या सभेपुढे मांडले. हळूहळू रेल्वे कंपन्यांनी ते स्वीकारले आणि पुढे ते साऱ्या ब्रिटनचे प्रमाण झाले. क्रिमियन युद्धाच्या वेळी ९० तोफनौकांची इंजिने तातडीने हवी होती. अनेक कारखान्यांनी एकाच मापाने भाग घडवले, म्हणूनच ते काम वेळेत पार पडले.

नट घट्ट राहतो, तो बोल्ट किंचित ताणला गेल्यामुळे आणि आट्यांमधील घर्षणामुळे. आडव्या धक्क्यांनी जोडलेले भाग एकमेकांवर सरकू लागले, की नट आपोआप उलटा फिरू लागतो, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगांनी दाखवले. म्हणून नट ठरावीक जोराने आवळणे, चेकनट लावणे, आरपार पिन घालणे, आट्यांना चिकट द्रव लावणे असे उपाय करतात. परंतु आट्याला आटा पुरेपूर भिडलेला नसेल, तर यांपैकी कोणत्याही उपायावर विसंबता येत नाही. येथेच व्हिटवर्थ यांच्या कार्याचे मोल कळते.

पुढे त्यांनी इंचाचा दशलक्षांश मोजणारे यंत्र तयार केले. १८६९ साली त्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली. त्याआधी, १८६८ साली, त्यांनी होतकरू तरुण यंत्रकारांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या. विद्यार्थ्याला पुस्तकी ज्ञान व हातातील कसब दोन्ही असावे, हा त्यांमागील हेतू होता. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग मँचेस्टरमधील लोकोपयोगी कार्यास मिळाला.

आज इंजिनांत बहुधा ६० अंशांचे मेट्रिक आटे असतात. तथापि आपल्या घरातील पाण्याच्या नळाचे आटे अजून व्हिटवर्थ यांच्याच ५५ अंशांचे आहेत. लहान वस्तूही प्रमाणात घडली, तरच तिच्यावर मोठे यंत्र विसंबू शकते. हातात पान्हा धरणाऱ्या आणि लेखणी धरणाऱ्या अशा आम्हां सर्वांनीच हा धडा घ्यावयास हवा.