ग्लेन कर्टिस

ग्लेन हॅमंड कर्टिस (जन्म : हॅमंड्सपोर्ट, न्यू यॉर्क राज्य, २१ मे १८७८, मृत्यू : बफेलो, २३ जुलै १९३०) हे अमेरिकन वैमानिक, इंजिननिर्माते आणि जलविमानांचे एक आद्य रचनाकार होते. पाण्यावरून विमान उचलण्याच्या अडचणीवर त्यांनी योजलेला उपाय आजच्या जलविमानांतही दिसतो.

पूर्वायुष्य

ग्लेन चार वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. आठवीनंतर शाळा सुटली. सायकल शर्यती, सायकलदुरुस्ती आणि मग मोटारसायकलींची निर्मिती असा त्यांचा प्रवास झाला. १९०७ मध्ये त्यांनी स्वतः बांधलेली मोटारसायकल ताशी १३६ मैल (सुमारे २१९ किमी) वेगाने चालवली. त्यांच्या हलक्या इंजिनांमुळे दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी त्यांना आपल्या विमान-प्रयोगमंडळात घेतले. ४ जुलै १९०८ रोजी ‘जून बग’ या विमानातून त्यांनी एक किलोमीटरहून लांब जाहीर उड्डाण केले.

पाण्यावरील प्रयोग

हॅमंड्सपोर्ट हे गाव क्यूका तळ्याच्या टोकाशी आहे. हे तळे लांब पण अरुंद आहे; मालवण तालुक्यात देवबागजवळचे कर्लीचे पात्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याची थोडी कल्पना येईल. अशा जागी विमानाला धावायला वाट मोजकीच मिळते. १९०८ च्या अखेरीस ‘जून बग’लाच फ्लोट जोडून ‘लून’ तयार करण्यात आले. ते पाण्यावर वेगाने धावले, पण उठले नाही. पुढे फ्लोटमध्ये पाणी शिरून ते बुडाले. फ्रान्समध्ये आंरी फाब्र यांनी मार्च १९१० मध्ये पाण्यावरून उड्डाण केल्याने पहिलेपणाचा मान त्यांच्याकडे जातो. कर्टिस यांना २६ जानेवारी १९११ रोजी सॅन डिएगो येथे यश आले.

१९१२ मध्ये त्यांनी होडीसारखा तळ असलेली ‘उडती नौका’ बांधली, तेव्हा जुनीच अडचण पुन्हा उभी राहिली. वेग वाढला तरी पाणी तळाला मागेपर्यंत चिकटून राही आणि नौका सुटत नसे. शांत पाण्यात ही ओढ अधिक जाणवते. कर्टिस यांनी मोटरबोटीतून शेजारी जात तळाचे निरीक्षण केले आणि तळाच्या मध्यावर लाकडी ठोकळे बसवून एक पायरी केली. पायरीमागे हवा शिरू लागली, पाण्याची पकड सुटली आणि नौका उडाली. वेगवान मोटरबोटींना अशी पायरी पूर्वीही असे; विमानासाठी तिचे मोल ओळखणे हे मात्र त्यांचे कर्तृत्व होय.

अटलांटिक महासागर ओलांडण्यासाठी १९१४ मध्ये बांधलेल्या ‘अमेरिका’चे नाक धावताना पाण्यात बुडू लागे. तिच्या तळाला बाजूंनी रुंदी देऊन हा दोष कमी केला गेला; मात्र महायुद्धामुळे ते उड्डाण झाले नाही. मे १९१९ मध्ये कर्टिस यांच्या सहभागाने घडलेल्या नौदलाच्या तीन उडत्या नौका न्यूफाउंडलंडच्या ट्रेपॅसी बंदरातून निघाल्या. त्यांतील एन.सी.-३ इंधनाच्या भाराने उठेना, म्हणून एक अधिकारी व टपाल मागे ठेवावे लागले. ती आणि एन.सी.-१ वाटेत समुद्रावर उतरल्या, एन.सी.-१ बुडाली, पण तिचे लोक वाचले. एन.सी.-४ लिस्बनला पोहोचली.

राइट बंधूंशी वाद

राइट बंधूंनी पेटंटभंगाबद्दल कर्टिस यांच्यावर केलेला खटला अनेक वर्षे चालला. १९१४ मध्ये कर्टिस यांनी सॅम्युअल लँग्ली यांचे १९०३ मध्ये पोटोमॅक नदीत कोसळलेले विमान क्यूका तळ्यावरून उडवून दाखवले, पण त्याआधी त्यात बरेच बदल केले होते. ते मूळ स्वरूपातच उडण्यास समर्थ होते असा समज त्यातून पसरू देणे न्याय्य नव्हते. स्मिथसोनियन संस्थेने १९४२ मध्ये त्या बदलांची कबुली दिली. तोवर कर्टिस हयात नव्हते.

उत्तरायुष्य

१९२० च्या दशकात त्यांनी फ्लोरिडात हायलीया, मायामी स्प्रिंग्ज व ओपा-लोका ही नगरे वसवण्यात भाग घेतला. १९२९ मध्ये त्यांचे नाव असलेली कंपनी राइट यांच्या नावाच्या कंपनीत विलीन होऊन ‘कर्टिस-राइट’ झाली. आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन हॅमंड्सपोर्ट येथे झाले.