उशी आडवी असताना

दोन खोल्यांत आम्ही सातजण राहतो. अभ्यास करायचा तर रात्री सगळे निजल्यावर, ओट्याजवळच्या कोपऱ्यात. गेल्या वर्षी सरांनी वार्षिकांकासाठी काहीतरी लिहायला सांगितले, तेव्हा घरी निवांतपणा नाही अशी सबब सांगून मी वेळ मारून नेली होती. पुढे ग्रंथालयात शांताबाई शेळके यांनी मराठीत आणलेले 'चौघीजणी' हाती लागले. मूळ पुस्तक 'लिटल विमेन', लेखिका लुइझा मे अल्कॉट. पुस्तकाने वेड लावले, म्हणून लेखिकेची माहिती मिळवून वाचली आणि मला माझ्या सबबीची लाज वाटू लागली.

लुइझाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. चार बहिणींत ती दुसरी. वडील ब्रॉन्सन मोठे विचारवंत, पण पैसा मिळवणे त्यांना कधी साधले नाही. घर चालवायचे ते आईने आणि मुलींनी. लुइझाने शिवणकाम केले, शिकवण्या केल्या, परक्याच्या घरी मोलकरीण म्हणूनही राबली. शिवता शिवताच ती मनात गोष्टी जुळवी आणि सवड मिळाली की कागदावर उतरवी. एका नामवंत प्रकाशकाने तिला लेखन सोडून शिक्षिकाच राहण्याचा सल्ला दिला. तिने तो मानला नाही. घरखर्चासाठी तिने टोपणनावाने सूडाच्या, थरारक कथाही लिहिल्या. हे गुपित तिच्या मृत्यूनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी उलगडले!

१८५८ पासून अल्कॉट कुटुंब मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड गावी 'ऑर्चर्ड हाउस'मध्ये राहू लागले. तेथे तिच्या निजायच्या खोलीत, दोन खिडक्यांच्या मधोमध, वडिलांनी अर्धवर्तुळाकार फळी बसवून दिली. हेच तिचे लिहिण्याचे मेज. लेखन अंगात संचारले की ती दिवस दिवस उठत नसे. या अवस्थेला ती भोवरा म्हणे. १८६१ मध्ये एका कादंबरीवर ती अशीच रात्रंदिवस बसली होती. तेव्हा आईने तिला हिरव्या रेशमाची टोपी शिवून दिली. लेक जेवत नाही या काळजीने आई चहाचे पेले घेऊन येई, वडील सफरचंदे आणून देत. दिवाणखान्यात तिची एक लांबट गोल उशी असे. ती उभी असली तर लुइझाशी खुशाल बोलावे. आडवी असली तर तिच्या वाटेला जाऊ नये, असा घरातला रिवाज होता.

गंमत म्हणजे, जे पुस्तक अजरामर झाले ते लिहिण्याची तिला मुळीच हौस नव्हती. प्रकाशक थॉमस नाइल्स यांना मुलींसाठी पुस्तक हवे होते. आपल्याला बहिणींखेरीज मुली ठाऊकच नाहीत, असे तिला वाटे. अखेर तिने बहिणींवरच लिहिले. मे १८६८ मध्ये सुरुवात केली आणि जुलैच्या मध्यास ४०२ पानांचे हस्तलिखित तयार! पहिली प्रकरणे तिला आणि नाइल्सना नीरस वाटली होती. मुलींनी वाचली आणि त्या खूश झाल्या. सप्टेंबरअखेर पुस्तक निघाले. नोव्हेंबरात दुसरा भाग हाती घेतला तो रोज एक प्रकरण या हिशेबाने, आणि नव्या वर्षाच्या आरंभी तो पुरा केला. १८६९ मध्ये घरावरचे जुने कर्ज फिटले.

पण या यशाची किंमत मोठी होती. १८६३ मध्ये, यादवी युद्धातील जखमी सैनिकांची शुश्रूषा करताना तिला विषमज्वर झाला. त्यावर पारा असलेले औषध देण्यात आले. त्यानंतर तिची प्रकृती कधीच पूर्ववत झाली नाही. एकदम तीन प्रती निघाव्यात म्हणून दाबून लिहिता लिहिता उजव्या हाताचा अंगठा कायमचा अधू झाला. मग ती डाव्या हाताने लिहायला शिकली. ४ मार्च १८८८ रोजी वडील गेले आणि दोनच दिवसांनी, पंचावन्नाव्या वर्षी, तीही गेली.

लुइझाला निवांतपणा मिळाला नव्हता. तिने तो घरातच मागून घेतला, आणि तिचे लिहिणे हेही काम आहे हे घरच्यांनी मानले. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आमच्या घरी उशी उभी-आडवी ठेवण्याची सोय नाही, कारण ती कोणाच्या ना कोणाच्या डोक्याखाली असतेच! म्हणून या वेळी मी आईला सरळ सांगितले, मला दोन तास लिहायचे आहे. आईला अक्षरओळख नाही. काय लिहितेस, असे तिने विचारले नाही. धाकट्याला कडेवर घेऊन ती शेजारी जाऊन बसली, आणि जाताना दार ओढून घेतले.