ओदोरिको दा पोर्देनोने

ओदोरिको दा पोर्देनोने (जन्म: अंदाजे १२८६, पोर्देनोनेजवळील विल्लानोवा, मृत्यू: १४ जानेवारी १३३१, उदिने) हा इटलीच्या ईशान्येकडील फ्रिउली प्रांतातील फ्रान्सिस्कन संन्यासी आणि मध्ययुगातील एक प्रमुख प्रवासी होता. इराण, भारताचा पश्चिम किनारा, सुमात्रा आणि जावा या मार्गाने तो चीनपर्यंत गेला. परतल्यावर त्याने सांगितलेल्या वृत्तांताच्या शंभराहून अधिक हस्तलिखित प्रती आज उपलब्ध आहेत. महाराष्ट्राच्या इतिहासात त्याचे स्थान ठाणे शहरामुळे आहे. ठाण्यात १३२१ साली मारल्या गेलेल्या चार धर्मबांधवांच्या अस्थी त्याने तेथून चीनला नेल्या. त्याचबरोबर त्या शहराचे लोक, प्राणी, झाडे आणि झाडांपासून मिळणारे मद्य यांचे वर्णनही त्याने मागे ठेवले.

द्राक्षांच्या प्रदेशातील बालपण

ओदोरिकोच्या पूर्वायुष्याविषयी खात्रीची माहिती थोडी आहे. बोहेमियाचा राजा दुसरा ओटाकार याच्या फौजेतून फ्रिउलीत स्थायिक झालेल्या कुटुंबात तो जन्मला, अशी परंपरा आहे. काही हस्तलिखितांत त्याला बोहेमियन म्हटलेले आढळते. तरुणपणीच तो उदिने येथील फ्रान्सिस्कन मठात दाखल झाला. अनवाणी राहणे, केवळ भाकरी व पाण्यावर निर्वाह करणे, अंगाला टोचणारे वस्त्र नेसणे अशा कठोर व्रतांच्या कथा त्याच्याविषयी सांगितल्या जातात. संतचरित्रांत अशा कथा नेहमीच येतात, हे ध्यानात ठेवूनच त्या वाचाव्यात.

त्याची जन्मभूमी मात्र त्याच्या लेखनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. फ्रिउली हा प्राचीन काळापासून द्राक्षमद्याचा प्रदेश आहे. जवळचे आक्विलेया हे बंदर रोमन काळात मद्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. त्याच किनाऱ्यावरील पुचिनुम येथील मद्यामुळे आपल्याला दीर्घायुष्य लाभले, असे सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया मानत असे, ही नोंद थोरल्या प्लिनीने केली आहे. उत्तर इटलीत द्राक्षवेल उंच झाडांवर चढवून वाढवण्याची जुनी पद्धत होती. अशा वेली पाहत वाढलेला हा मनुष्य पुढे जेथे जेथे गेला, तेथे तेथे शहराची समृद्धी त्याने बहुधा एकाच मापाने मोजली. तेथे भाकरी किती मिळते आणि मद्य किती मिळते, हे ते माप. काशानचा नाश मंगोलांनी केला, तरी भाकरी आणि मद्य यांची तेथे रेलचेल आहे, असे तो सांगतो. यज्द येथील अंजिरांची व बारीक हिरव्या मनुकांची त्याने आवर्जून दखल घेतली आहे.

या मापामागे केवळ चवीची आवड नव्हती. रोमन चर्चच्या नियमानुसार उपासनेतील प्रसादासाठी गव्हाची भाकरी आणि द्राक्षाचेच मद्य लागते. अन्य फळांपासून किंवा झाडांच्या रसापासून केलेले पेय त्यासाठी चालत नाही. त्यामुळे भाकरी आणि मद्य जेथे मिळेल, तेथेच संन्याशाला आपले नित्यकर्म यथासांग पार पाडता येई.

पूर्वेकडे प्रयाण

सुमारे १३१८ मध्ये ओदोरिको व्हेनिसहून निघाला. कॉन्स्टँटिनोपल, ट्रेबिझोंड, एर्झुरूम, तब्रिझ, सुलतानिया, काशान आणि यज्द ही ठिकाणे पाहत तो इराणच्या आखातावरील होर्मुझ येथे पोहोचला. वाटेत त्याचा काही काळ फ्रान्सिस्कनांच्या मठांत गेला असावा. प्रवासाच्या काही टप्प्यांत आयर्लंडचा जेम्स नावाचा संन्यासी त्याच्यासोबत होता. ओदोरिकोच्या मृत्यूनंतर उदिने नगराने या सोबत्याला काही रक्कम दिल्याची नोंद आहे.

होर्मुझच्या उकाड्याचे वर्णन त्याने विस्ताराने केले आहे. तेथे तो ज्या गलबतात बसला, त्यात लोखंडी खिळा नव्हता. फळ्या काथ्याने शिवलेल्या होत्या. अरबी समुद्रात अशी गलबते शतकानुशतके चालत होती. मात्र लोखंडी खिळ्यांची जहाजे पाहिलेल्या युरोपियन माणसाला ती धडकी भरवणारी वाटली, तर नवल नाही. अठ्ठावीस दिवसांनी हे गलबत ठाण्याला लागले.

ठाणे, १३२१ नंतर

ठाणे तेव्हा साष्टी बेटावरील नामांकित बंदर होते. शिलाहारांच्या काळात श्रीस्थानक म्हणून ते राजधानीचे शहर होते आणि मार्को पोलोच्या ग्रंथात त्याच्या व्यापाराचा उल्लेख येतो. उल्हास नदीवरील कल्याण त्याहूनही जुने. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे, आणि याच किनाऱ्यावर उत्तरेस असलेल्या भडोच बंदरात इटालियन मद्य आयात होत असे, असेही त्यात सांगितले आहे. सहाव्या शतकात कॉस्मस या लेखकाने ज्या कल्याणमधील ख्रिस्ती समाजाची व इराणहून नेमलेल्या बिशपची नोंद केली, ते बहुतेक अभ्यासक याच परिसरातील कल्याण मानतात. ओदोरिको आला तेव्हा देवगिरीच्या यादवांची सत्ता लयास जाऊन हा प्रदेश दिल्लीच्या अंमलाखाली आला होता. दिल्लीच्या तख्तावर गियासुद्दीन तुघलक होता.

ओदोरिकोच्या आधी थोड्याच काळापूर्वी येथे एक दुःखद घटना घडली होती. तोमासो दा तोलेंतिनो, जाकोमो दा पादोव्हा, पिएत्रो दा सिएना आणि तिफ्लिसचा देमेत्रिओ हे चौघे क्विलोनकडे (आजचे कोल्लम) जाण्यासाठी निघाले असता त्यांचे गलबत ठाण्याला आले. त्यांच्यासोबत जोर्दानुस हा फ्रेंच डॉमिनिकन संन्यासी होता. ठाण्यात नेस्टोरियन ख्रिश्चनांची पंधरा घरे होती आणि पाहुण्यांचा मुक्काम त्यांच्याकडे पडला. जोर्दानुस भडोचच्या दिशेने गेलेला असताना यजमान घरातील भांडणातून प्रकरण काजीपर्यंत गेले. तेथे धर्मविषयक वाद झाला आणि त्याची परिणती चौघांच्या मृत्यूत झाली. एप्रिल १३२१ मध्ये हे घडले. पुढे दिल्लीच्या सुलतानाने संबंधित अधिकाऱ्याला बोलावून शिक्षा केली, असेही ओदोरिको सांगतो.

ओदोरिको या घटनेचा प्रत्यक्ष साक्षी नव्हता. अग्नीत टाकलेला जाकोमो अक्षत बाहेर आला यांसारखे जे प्रसंग त्याच्या वृत्तांतात येतात, ते ऐकीव आहेत आणि हुतात्म्यांच्या जुन्या कथांच्या वळणावर गेलेले आहेत. घटनेचा गाभा मात्र जोर्दानुसने ऑक्टोबर १३२१ मध्ये लिहिलेल्या पत्रामुळे पक्का होतो. परतल्यावर जोर्दानुसनेच सोबत्यांचे देह सोपारा येथे पुरले होते.

ओदोरिकोने त्या अस्थी उकरून काढल्या, स्वच्छ वस्त्रांत गुंडाळल्या आणि सोबत घेतल्या. हे काम धोक्याचे होते. एका घरात रात्री अस्थी उशाशी घेऊन तो झोपला असताना घराला आग लागली आणि तो निजला होता तेवढा कोपरा वाचला, असे त्याने सांगितले आहे. पुढे समुद्रात वारा पडला, तेव्हा त्यातील एक अस्थी पाण्यात सोडताच वारा सुटला, अशीही कथा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी एवढे उरते, की स्वतः कधीही न भेटलेल्या चार माणसांचे अवशेष त्याने भारताच्या किनाऱ्यापासून चीनपर्यंत सांभाळून नेले.

ठाण्याचे वर्णन आणि झाडाचे मद्य

ठाण्याविषयी ओदोरिकोने दिलेली माहिती बरी-वाईट मिसळलेली आहे. अलेक्झांडरशी लढलेल्या पोरसचे हे शहर, असे तो म्हणतो. पोरसचे राज्य पंजाबात होते, त्यामुळे ही चूक उघड आहे. येथे काळे सिंह पुष्कळ आहेत, असेही तो सांगतो. पण कबुतराएवढी वटवाघळे आणि मांजरांनाही न आवरणारे कुत्र्याएवढे उंदीर यांचे वर्णन वाचताना कोकणातल्या वाचकाला घूस आठवल्याशिवाय राहत नाही. वृत्तांताच्या काही पाठांत घरासमोर पाण्यावर जिवंत राहणाऱ्या एका रोपाचा उल्लेख आहे. तो तुळशीवृंदावनाविषयी असावा, असे अभ्यासकांना वाटते. मृतदेह न पुरता पशुपक्ष्यांसाठी उघड्यावर ठेवण्याची जी रीत त्याने टिपली, ती पारशी समाजाची असण्याचा संभव आहे.

याच वर्णनात ठाण्याला भाकरी आणि मद्य विपुल आहे, असे त्याचे नेहमीचे वाक्य येते. येथे हे माप नीट बसत नाही. जोरदार पावसाळा आणि दमट हवा यांमुळे ठाण्याच्या किनारपट्टीवर द्राक्षमळे वाढत नाहीत. द्राक्षे सह्याद्रीपलीकडे, घाटमाथ्यावर पिकतात. आज ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीचे रहिवासी सुट्टीत द्राक्षमळे व मद्यनिर्मिती पाहण्यास निघतात, तेव्हा त्यांनाही कसारा घाट चढून नाशिककडेच जावे लागते. मग ओदोरिकोने पाहिलेले मद्य कोणते? गलबतातून आलेले थोडेफार द्राक्षमद्य बाजारात असू शकेल. पण त्याच्या वृत्तांताच्या काही पाठांत येथील झाडांपासून मद्य मिळते आणि ते फार चढते, असा स्पष्ट उल्लेख आहे. लॅटिनमध्ये त्याने दोहोंसाठी एकच शब्द वापरला. म्हणून ठाण्याच्या संदर्भात त्याच्या मद्याचा अर्थ प्रामुख्याने ताडी किंवा माडी असाच घ्यावा लागतो. जोर्दानुसच्या ग्रंथात तर वर्षभर पांढरा, गोड रस देणाऱ्या झाडाचे नाव तारी असे दिले आहे. मराठी ताडीशी त्याचे नाते सांगण्याची गरज नाही.

हे मद्य काढण्याची रीत द्राक्षमद्याहून अगदी निराळी आहे. त्यासाठी फळ पिकण्याची, ते चुरडण्याची किंवा तळघरात पिंपे साठवण्याची आवश्यकता नसते. कोकणात हे काम परंपरेने भंडारी समाजाचे. ताडावर किंवा माडावर चढून कोवळी पोय बांधायची, तिचे टोक धारदार कोयत्याने रोज थोडे तासायचे आणि खाली मडके अडकवायचे. त्यात ठिबकणारा ताजा रस म्हणजे नीरा. हवेतील व मडक्यातील यीस्टमुळे काही तासांतच ती आंबते आणि तिची ताडी होते. संध्याकाळपर्यंत ती आंबट व कडक होते, म्हणून ती साठवून ठेवता येत नाही. द्राक्षमद्याच्या मुलखातून आलेल्या माणसासमोर हे मद्य एका दिवसात जन्मून संपत होते.

ओदोरिकोने ताडी चाखली की नाही, हे त्याच्या वृत्तांतात येत नाही. उपासनेसाठी ती त्याला उपयोगाची नव्हती, एवढे नक्की.

मलबार ते चीन

ठाण्याहून तो दक्षिणेस मलबारला गेला. तेथील मिरीचे वर्णन हा त्याच्या वृत्तांतातील सर्वांत नेमका भाग म्हणता येईल. मिरीचा वेल आपल्याकडील द्राक्षवेलीप्रमाणे मोठ्या झाडांवर चढवतात, त्याला द्राक्षांसारखे घोस लागतात, आणि तोडणीनंतर ते उन्हात वाळवतात, असे त्याने सांगितले आहे. मिरीविषयी अनेक भाकडकथा युरोपात प्रचलित होत्या. फ्रिउलीच्या मळ्यांत तयार झालेल्या नजरेला मात्र मिरीची वेल बरोबर दिसली.

पुढे कोल्लम, सिंहल, मैलापूर, सुमात्रा आणि जावा असा प्रवास झाला. आग्नेय आशियातील एका बेटावर पीठ, मध आणि मद्य देणारी झाडे असल्याचे तो सांगतो. पीठ देणारे झाड म्हणजे साबुदाण्याचा ताड. दक्षिण चीनमधील झैतून बंदरात फ्रान्सिस्कनांच्या मठात त्याने ठाण्याच्या अस्थी ठेवल्या आणि त्याचे ओझे उतरले. हांगझोऊच्या संपन्नतेने तो थक्क झाला. तेथील बिग्नी नावाचे पेय उमदे मानले जाते, अशीही नोंद त्याने केली. ते तांदळाचे मद्य असावे. खानबलिक म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये तो सुमारे तीन वर्षे राहिला. पाणकावळ्यांकरवी होणारी मासेमारी, स्त्रियांचे बांधलेले पाय आणि श्रीमंतांची वाढवलेली नखे यांविषयी त्याने लिहिले. मार्को पोलोच्या ग्रंथात या गोष्टी येत नाहीत. त्यामुळे ओदोरिको चीनला खरोखर गेला होता, याविषयी शंका उरत नाही. तिबेटविषयीची त्याची माहिती मात्र बहुधा ऐकीव आहे.

अखेरचे दिवस

१३३० पूर्वी किंवा त्या वर्षाच्या आरंभी तो इटलीत परतला. मे १३३० मध्ये पादोव्हा येथील संत अँथनीच्या मठात त्याने आपला वृत्तांत सोलान्याच्या विल्यम या संन्याशाला तोंडी सांगितला. विल्यमने तो साध्या लॅटिनमध्ये उतरवला. सलग टिपणे हाताशी नसल्याने ठिकाणांची सरमिसळ आणि पाठभेद यांचे प्रमाण मोठे राहिले. पोपला भेटण्यासाठी तो आविन्योंकडे निघाला होता, पण पिसा येथे आजारी पडल्याने उदिनेला परतला आणि १४ जानेवारी १३३१ रोजी तेथेच त्याचा मृत्यू झाला. मठातील साधा दफनविधी नगरवासीयांना मान्य झाला नाही आणि लोकांच्या गर्दीत तो पुन्हा करावा लागला. शिल्पकार फिलिप्पो दे सान्क्तिस याने १३३२ मध्ये त्याच्यासाठी संगमरवरी शवपेटिका घडवली. ती आज उदिनेच्या कार्मिने चर्चमध्ये आहे.

त्याच्या वृत्तांताचा सर्वाधिक उपयोग त्याचे नाव न घेता झाला. चौदाव्या शतकात लोकप्रिय झालेल्या जॉन मँडेव्हिलच्या प्रवासग्रंथात ओदोरिकोचा मजकूर सर्रास उचललेला आहे. बराच काळ मँडेव्हिल थोर प्रवासी आणि ओदोरिको थापाड्या ठरला. एकोणिसाव्या शतकात हेन्री यूल याने १८६६ च्या आपल्या ग्रंथात ओदोरिकोच्या वृत्तांताचे टीपांसह इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि ठाण्याविषयीचा भाग अभ्यासकांना सहज उपलब्ध झाला. पोप चौदावा बेनेडिक्ट याने १७५५ मध्ये ओदोरिकोच्या उपासनेस मान्यता दिली. ज्याच्या अस्थी त्याने वाहून नेल्या, त्या तोमासो दा तोलेंतिनोला ती मान्यता १८९४ मध्ये मिळाली.